उशीखाली बोंबलणारा लॅपटॉप

रात्री साडेदहाला खालच्या मजल्यावरच्या काकांचा फोन आला, तेव्हा मागे एक बाई इंग्रजीत ओरडत होती. काकूंचा आवाज तो नक्कीच नव्हता. खाली गेलो तर लॅपटॉप दिवाणावर, त्यावर दोन उश्या, आणि उश्यांखालून तीच बाई एकसुरात सांगत होती की तुमचा संगणक लॉक केला आहे, तो बंद करू नका, ताबडतोब या नंबरवर फोन करा. शेजारीपाजारी काय म्हणतील म्हणून उश्या. काकांच्या हातात मोबाइल होता आणि नंबराचे अर्धे आकडे दाबून झाले होते. उरलेले अर्धे राहिले ते काकूंमुळे. त्या म्हणाल्या होत्या, "आधी वरच्याला विचारा."

उश्या उचलल्या. पडदाभर निळा रंग, मध्ये लाल चौकट, विंडोज डिफेंडरची ढाल, व्हायरस मोजत पुढे सरकणारी एक पट्टी आणि खाली आयपी ॲड्रेस, शेजारी शहराचं नाव. ते नाव पाहूनच काकांचा धीर सुटला होता. "आपण कुठे राहतो तेसुद्धा कळलंय त्यांना." नाव मुंबईचं होतं. आम्ही राहतो नाशिकला.

मी एस्केपची कळ दाबून धरली आणि मनात तीनपर्यंत मोजलं. निळा रंग आक्रसला, वर टॅबची ओळ दिसू लागली, त्या टॅबची फुली दाबली. बाई अर्ध्या शब्दात गप्प झाली. काका बराच वेळ लॅपटॉपकडे बघत राहिले. एवढंच होतं, हे त्यांना पटेना.

पण ते खरोखरच एवढंच असतं. पडद्यावर दिसतं ते इंटरनेटवरचं एक पान. बातम्यांचं पान असतं, रेल्वेच्या तिकिटांचं असतं, तसंच. त्याने संगणक तपासलेला नसतो, पुढे सरकणारी पट्टी हे निव्वळ चलच्चित्र असतं, आणि संगणक लॉक वगैरे काही झालेला नसतो. आयपी ॲड्रेस तर तुम्ही उघडाल त्या प्रत्येक साइटला दिसतो, त्याशिवाय पान तुमच्याकडे पोचणारच कसं? त्यावरून शहराचा अंदाज बांधणं हा पोरखेळ आहे, आणि तो अंदाज चुकतोही, कारण तो तुमच्या घराचा नसून तुम्हाला नेट पुरवणाऱ्या कंपनीच्या जाळ्याचा असतो.

या पानाला हवी असते फक्त तुमच्या हातची एक टिचकी. पानाला आपण होऊन पडदाभर पसरता येत नाही, त्यासाठी वापरणाऱ्याने पानावर कुठेतरी क्लिक करावं लागतं. आवाज सुरू करायलाही बहुतेक वेळा तेच लागतं. म्हणून त्या पानावर जिकडे तिकडे बटणं असतात. "ओके" असतं, "कॅन्सल" असतं, चौकटीच्या कोपऱ्यात फुलीही असते. ती फुली नव्हे, फुलीचं चित्र. कशावरही टिचकी मारा, परिणाम एकच: पान पडदाभर होतं, पत्त्याची पट्टी आणि खालचा टास्कबार झाकला जातो, माउसचा बाण कधी गायब होतो तर कधी खोटा बाण भलतीकडेच फिरत राहतो. माणसाला वाटतं, संगणक हातातून गेला. काका फुकटात जुनं मराठी नाटक कुठे बघायला मिळतंय ते शोधत होते. "प्ले"च्या त्रिकोणावर टिचकी मारली आणि नाटकाऐवजी हे सुरू झालं. फुकट सिनेमे आणि फुकट क्रिकेट दाखवणाऱ्या साइटवरच्या जाहिराती, पत्ता टाइप करताना एखादं अक्षर चुकलं की लागणारं भलतंच पान, आणि शोधनिकालांच्या डोक्यावर बसलेल्या जाहिराती, हे यांचे नेहमीचे रस्ते.

ओळखायचं कसं, असं लोक विचारतात आणि मग व्याकरणाच्या चुका शोधायला लागतात. आता चुका फारशा सापडत नाहीत. पानाचा पत्ता बघा म्हणावं तर त्यातही मेख आहे. मायक्रोसॉफ्टची क्लाउडवरची जागा कोणालाही भाड्याने घेता येते, आणि तिथे ठेवलेल्या पानाच्या पत्त्यात शेवटी "विंडोज डॉट नेट" असं येऊ शकतं. मोठ्या माणसाच्या इमारतीत गाळा भाड्याने घेतला म्हणून दुकान त्याचं होत नाही, पण घाबरलेला माणूस एवढा विचार कुठे करतो? म्हणून मी एकच खूण सांगतो, बाकीच्या विसरलात तरी चालेल: फोन नंबर. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. खरा डिफेंडर, म्हणजे विंडोजमध्येच असलेला अँटीव्हायरस, उजवीकडे खालच्या कोपऱ्यात लहानशी चौकट दाखवतो आणि बहुतेक वेळा आपलं काम उरकूनच सांगतो. तो किंचाळत नाही, आणि माझ्याशी बोला असंही म्हणत नाही.

आता ते घालवायचं कसं. पानावर कुठेही टिचकी मारायची नाही. आवाजाचा त्रास होत असेल तर आधी कीबोर्डवरून आवाज बंद करा. निम्मी भीती तिथेच जाते. मग एस्केपची कळ नुसती टिचकीसारखी न दाबता दोन-तीन सेकंद दाबून धरा. पडदाभर पसरताना काही पानं बाकीच्या कळाही आपल्या ताब्यात घेऊ शकतात, पण दाबून धरलेलं एस्केप ब्राउझर त्यांना गिळू देत नाही. क्रोममध्ये तर पान पसरतं त्या क्षणी वरच्या बाजूला तशी सूचनाही येते, फक्त त्या गोंधळात तिच्याकडे लक्ष जात नाही. टॅब दिसू लागले की तो टॅब बंद करा.

तेवढ्याने नाही भागलं, टॅब बंद करताना पुन्हा पुन्हा चौकटी येत राहिल्या, तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकदम दाबा. ही जोडणी थेट विंडोजची आहे, कुठल्याही पानाच्या बापाला ती अडवता येत नाही. समोर येणाऱ्या यादीतून टास्क मॅनेजर निवडा, त्यात क्रोम किंवा एज, जे वापरत असाल ते निवडून "एंड टास्क" करा. ॲपलच्या मॅकवर ऑप्शन, कमांड आणि एस्केप एकत्र दाबलं की "फोर्स क्विट"ची चौकट येते. आणि यातलं काहीच आठवलं नाही तर लॅपटॉपचं पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. बंद करू नका असं ती बाई ओरडते, ते बंद केल्यावर तिचा खेळ संपतो म्हणून. अर्धवट टाइप केलेलं पत्र गेलं तर गेलं.

इथे एक चूक हमखास होते. ब्राउझर पुन्हा उघडला की तो अदबीने विचारतो, मघाची पानं परत आणू का? "रिस्टोअर" म्हटलंत की बाई हजर. ती विचारणा फुलीने बंद करा. काहींनी ब्राउझरला "जिथे सोडलं तिथून सुरू कर" असं कायमचं सांगून ठेवलेलं असतं, तिथे तो न विचारताच ते पान आणतो. त्यावर साधा उपाय आहे: आधी वायफाय बंद करा, मग ब्राउझर उघडा. नेटच नाही म्हटल्यावर पान येणार कुठून, नुसता रिकामा टॅब येईल. तो बंद करा आणि मग वायफाय चालू करा. मॅकवर सफारी उघडताना शिफ्ट दाबून धरलं की जुन्या खिडक्या परत येत नाहीत.

मोबाइलवरही हाच प्रकार असतो. फोन थरथरतो, "तुमच्या फोनमध्ये तेरा व्हायरस" असं काहीतरी येतं. टॅब बंद करा, ब्राउझरची हिस्ट्री पुसा, आणि त्या पानाने सुचवलेलं "क्लीनर" ॲप घेऊ नका. तिथे फोन नंबराऐवजी बहुधा ते ॲपच खपवायचं असतं.

काकांची गोष्ट टॅब बंद केल्यावर संपली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, ब्राउझरमध्ये काहीही उघडलेलं नसताना, उजव्या कोपऱ्यात सरकत एक चौकट आली: "तुमचं संरक्षण संपलं आहे." पाच मिनिटांनी आणखी एक. आता मात्र काका म्हणाले, बघ, शिरलाय आत. हा प्रकार वेगळा आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत निम्म्याहून जास्त हाच असतो. आदल्या रात्री नाटक शोधता शोधता एका पानाने विचारलं होतं, तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करायला "अलाऊ" दाबा. काकांनी दाबलं. ते "अलाऊ" नोटिफिकेशन पाठवायच्या परवानगीचं होतं. तेव्हापासून त्या साइटला काकांच्या पडद्यावर, ब्राउझरमधून, वाटेल तेव्हा चिठ्ठी टाकायचा हक्क मिळाला होता. चिठ्ठीवर ढालीचं चित्र लावलं की ती विंडोजची वाटते, पण नीट पाहिलं तर तिच्यावर बारीक अक्षरात क्रोम किंवा एज लिहिलेलं असतं, जोडीला कुठल्यातरी वेड्यावाकड्या साइटचं नाव.

ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये जा. मेनूंची नावं आणि जागा वरचेवर बदलतात, तेव्हा रस्ता पाठ करू नका. सेटिंग्जमध्ये वर शोधायची चौकट असते, तिच्यात "नोटिफिकेशन्स" टाइप करा. परवानगी दिलेल्या साइटची यादी निघेल. काकांच्या यादीत अकरा नावं निघाली, त्यातली दोन त्यांना ओळखू आली, एक बँक आणि एक वर्तमानपत्र. बाकीची नऊ काढून टाकली. मग तिथेच वर, साइटना अशी परवानगी मागताच येऊ नये, हा पर्याय निवडून ठेवला. वर्तमानपत्रवाले रागावतील तर रागावोत.

त्याच बैठकीत आणखी दोन-तीन जागा बघून घ्याव्यात. ब्राउझरची एक्स्टेन्शन्स: आपण न घेतलेलं काही तिथे बसलंय का? विंडोजच्या सेटिंग्जमध्ये इन्स्टॉल केलेल्या ॲपची यादी तारखेनुसार लावली की कालपरवा आलेला पाहुणा लगेच वर दिसतो. डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये नवीन काही उतरलं असेल तर उघडून बघण्याचा मोह न करता पुसा. नुसतं पान दिसलं आणि बंद केलं, तर यापुढे काही करायची गरज नसते. काही उतरवलं किंवा चालवलं गेलं असेल तर विंडोज सिक्युरिटीमध्ये स्कॅनच्या पर्यायांत डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन आहे, ते करा. संगणक पुन्हा सुरू होऊन विंडोज चालू व्हायच्या आत तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटं लागतात. फुकट आहे, विकतचं काही लागत नाही. एज वापरणाऱ्यांनी सेटिंग्जमध्ये "स्केअरवेअर ब्लॉकर" चालू आहे ना तेही बघावं. पडदाभर पसरणारी ही सोंगं ओळखून थांबवायला मायक्रोसॉफ्टने तो आणला आहे.

आता समजा, काकूंनी अडवलं नसतं आणि नंबराचे सगळे आकडे दाबून झाले असते, तर? मला वाटतं, हा भाग माहीत असला की बाकीचं आपोआप लक्षात राहतं.

पलीकडचा माणूस अतिशय सभ्य असतो. नाव विचारतो, घाबरू नका म्हणतो, आपल्या कर्मचारी क्रमांकाचीही नोंद करून घ्यायला लावतो. मग तो एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, अल्ट्राव्ह्यूअर असलं एखादं ॲप घ्यायला सांगतो. ही ॲप चोरांची नव्हेत. कचेऱ्यांत दूरवरून संगणक दुरुस्त करायला ती रोज वापरतात. पडद्यावर आलेला नंबर तुम्ही त्याला वाचून दाखवता, "ॲक्सेप्ट" दाबता, आणि तुमचा माउस तो हलवू लागतो. इथपर्यंत तुमच्या संगणकाला काही झालेलं नव्हतं. आता झालं.

मग तो रोग दाखवतो. विंडोजमध्ये "इव्हेंट व्ह्यूअर" नावाची नोंदवही असते. संगणकात घडणारी प्रत्येक बारीकसारीक गोष्ट तिथे लिहिली जाते, अमुक सेवा उशिरा सुरू झाली, तमुक प्रिंटर सापडला नाही. प्रत्येकाच्या संगणकात, अगदी काल विकत घेतलेल्यातसुद्धा, तिथे लाल आणि पिवळी चिन्हं ढिगाने असतात. तो ती दाखवून म्हणतो, बघा, हे सगळे व्हायरस. त्याहून मला आवडणारी, म्हणजे कलाकारी म्हणून आवडणारी, युक्ती पुढची आहे. काळ्या खिडकीत तो "नेटस्टॅट" अशी आज्ञा टाइप करतो. पडद्यावर आकड्यांच्या ओळी येतात आणि एका रकान्याच्या डोक्यावर लिहिलेलं असतं, "फॉरेन ॲड्रेस". तिथे फॉरेन म्हणजे फक्त पलीकडचा, ज्या संगणकाशी आपला संगणक बोलतोय त्याचा. तुम्ही मेल उघडला असेल तर मेलचा सर्व्हर. पण तो म्हणतो, हे परदेशी हॅकर, या क्षणी तुमच्या संगणकात आहेत. शब्द पडद्यावर छापलेला आहे, माणूस कसा अविश्वास दाखवणार?

त्यानंतर बिल. पाच वर्षांचं संरक्षण, इतके हजार. पैसे दिले की काही महिन्यांनी दुसरा फोन येतो: आमची कंपनी बंद होतेय, तुमचे पैसे परत करायचेत, बँकेचं खातं उघडा. तुम्ही नेटबँकिंग उघडता, तो क्षणभर पडदा काळा करतो, आणि पडदा परत येतो तेव्हा खात्यात दोन हजारांऐवजी दोन लाख जमा झालेले दिसतात. मग तो रडकुंडीला येतो, चुकून दोन शून्यं जास्त पडली, माझी नोकरी जाईल, वरचे पैसे परत पाठवा. ते जमा झालेले नसतात. ब्राउझरमध्ये दिसणाऱ्या पानावरचे आकडे कोणालाही आपल्या पडद्यापुरते बदलता येतात, ती सोय वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी ब्राउझरमध्ये मुळातच असते. पान एकदा रिफ्रेश केलं की खरे आकडे परत येतात. म्हणून तर तो पान रिफ्रेश करू देत नाही. आणि आपल्याकडे यूपीआयचा पिन मागितला जातो तेव्हा आठवा, पैसे यायला पिन लागत नाही, जायलाच लागतो.

हसण्यावारी नेण्यासारखं हे नाही. मायक्रोसॉफ्टने २०२१ साली १६ देशांत केलेल्या पाहणीत भारतातल्या ६९ टक्के लोकांनी सांगितलं होतं की असा प्रकार आपल्या वाट्याला आला. अमेरिकेत एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्राकडे २०२४ सालात या एकाच प्रकारात नोंदलं गेलेलं नुकसान १४६ कोटी डॉलरांच्या वर गेलं, आणि त्यात साठीपुढच्यांचा वाटा मोठा आहे. फोन उचलणारा माणूस पुष्कळदा आपल्याच देशातला असतो, हेही लपवण्यात अर्थ नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने "ऑपरेशन चक्र २"मध्ये देशभरात ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या, त्यात मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या नावाने परदेशी लोकांना लुबाडणारी कॉल सेंटरं होती. मीरा रोडच्या कॉल सेंटरांवरची २०१६ सालची धाड अनेकांना आठवत असेल. तिथलं सोंग अमेरिकेच्या आयकर खात्याचं होतं, पण लिहून दिलेलं संभाषण घोकणारी पोरं आणि दर मिनिटाला वाढवत न्यायची भीती, कारखाना त्याच धाटणीचा.

ज्यांच्या हातून संगणकाचा ताबा देऊन झाला आहे, त्यांच्यासाठी. सगळ्यात आधी नेट तोडा. वायफाय बंद करा, नाहीतर राउटरचा प्लग ओढा. समोरचा माणूस फोनवर कितीही आर्जवं करो, धमक्या देवो, फोन ठेवा. नंतरची सगळी कामं दुसऱ्या फोनवरून, त्या लॅपटॉपवरून एकही नाही.

पैसे गेले असतील तर बँकेला आणि १९३० या हेल्पलाइनला लागोपाठ फोन करा. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर असतो, तोच लावा. इंटरनेटवर शोधायला गेलात तर तिथेही बँकेच्या नावाने कोणीतरी बसलेला असतो. १९३० चं काम असं चालतं की तुमची तक्रार पैसे ज्या बँकांमधून पुढे सरकत आहेत त्यांच्यापर्यंत जाते आणि पैसे जिथे सापडतील तिथे अडवून ठेवता येतात. चोर ते खात्यातून खात्यात पळवत असतात, म्हणून उद्या सकाळी शाखेत जाऊन बघू, हे चालत नाही. व्यवहाराचा ओळख क्रमांक (यूटीआर), रक्कम आणि वेळ जवळ ठेवा. लेखी तक्रार सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. बँकेला कधी कळवलं याची वेळ आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा: रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेल्या नियमानुसार, ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. दहा मिनिटांचा फरकही पुढे भांडताना कामाला येतो.

लॅपटॉपकडे नंतर वळा. ते ॲप काढायच्या आधी त्यातला पलीकडच्याचा क्रमांक आणि फोनमधला त्याचा नंबर यांचे फोटो काढून घ्या, पोलिसांना लागतात. मग ॲप काढा, आणि एक काढल्यावर थांबू नका, असे लोक जाताना मागे दुसरं दार उघडं ठेवून जातात. पासवर्ड बदलताना सुरुवात ईमेलपासून करा, कारण बाकी सगळ्या खात्यांच्या किल्ल्या तिथे येऊन पडतात. मेल परस्पर दुसरीकडे फॉरवर्ड होत नाहीत ना, तेही सेटिंग्जमध्ये बघा. तो माणूस तासभर आत होता असं वाटत असेल तर फोटो आणि कागदपत्रं बाजूला काढून विंडोज नव्याने टाकून घेतलेलं बरं. कोपऱ्यावरचा दुरुस्तीवालाही करून देतो. आणि महिन्या-दोन महिन्यांत "तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो" असा फोन येईल. तो त्यांच्यापैकीच असतो, किंवा त्यांच्याकडून तुमचा नंबर विकत घेतलेला.

राहता राहिले परदेशात मुलांकडे सहा-सहा महिने राहायला जाणारे आईवडील. दिवसभर घरात दोघंच, लॅपटॉप मुलाचा, त्यात मुलाचं बँकखातं उघडं, आणि त्या नंबरवर फोन लावला की पलीकडून हिंदी ऐकू येतं. परक्या देशात आपल्या माणसाचा आवाज, केवढा दिलासा! अमेरिकेतून तक्रार करायची ती एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्राकडे आणि फेडरल ट्रेड कमिशनकडे, दोन्हींची संकेतस्थळं आहेत. न्यू जर्सीतल्या माझ्या बहिणीने मागच्या खेपेला आई येण्याआधी लॅपटॉपच्या कीबोर्डखाली मराठीत एक चिठ्ठी चिकटवली: "बाई ओरडायला लागली तर डावीकडची सगळ्यात वरची कळ दाबून धर. मग मला फोन कर. मीटिंगमध्ये असले तरी कर."